ठेका देणारे तेच, घेणारेही तेच : क्रेडिट मोबिलिए प्रकरण

एका अमेरिकी खासदाराच्या नावाचे हे खाते आहे. नावे बाजूला तीन नोंदी : युनियन पॅसिफिक रेल्वे बांधणाऱ्या क्रेडिट मोबिलिए या ठेकेदार कंपनीचे १० शेअर, १,००० डॉलर, त्यावरचे व्याज, ४७ डॉलर, जून १८६८ मध्ये रोख दिले, ३२९ डॉलर. जमा बाजूला दोनच : युनियन पॅसिफिक रेल्वेच्या रोख्यांच्या रूपात आलेला ८० टक्के लाभांश, शेकडा तीन वजा जाता ७७६ डॉलर, आणि रोख लाभांश, ६०० डॉलर. दोन्हीकडची बेरीज १,३७६. हिशोब दमडीचाही इकडचा तिकडे नाही.

खासदारसाहेबांनी खिशातून काय काढले? काहीच नाही. शेअर उधारीवर आले, लाभांशातून उधारी फिटली, वर ३२९ डॉलर हातात पडले आणि शेअर पुन्हा नावावर शाबूत.

ही वही ओक्स एम्स यांची. एम्स मॅसॅच्युसेट्सचे खासदार आणि फावड्यांचे पिढीजात कारखानदार. खाते ज्यांच्या नावाचे ते ओहायोचे खासदार जेम्स गारफिल्ड. गारफिल्ड यांनी शपथेवर सांगितले की आपण शेअर घेतलेच नाहीत, ३०० डॉलर उसने घेतले होते आणि ते परत केले. चौकशी समितीने मात्र एम्स यांचे आकडे ग्राह्य धरले. गारफिल्ड १८८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी ‘३२९’ हा नुसता आकडा भिंतींवर आणि फुटपाथांवर रंगवला. लोकांना अर्थ बरोबर कळत होता. तरी गारफिल्ड निवडून आले.

हे प्रकरण सहसा याच अंगाने सांगितले जाते : रेल्वेवाल्यांनी खासदारांना शेअर वाटून गप्प केले. ते खोटे नाही. पण खासदारांच्या पानात पडले ते वाढप्याच्या हातून सांडलेले. मुख्य पंगत दुसरीकडेच उठली होती. ती कुठे बसली आणि तिचा खर्च कोणी केला, हा या प्रकरणातला खरा अभ्यासाचा भाग. संसदेने त्याचीही चौकशी केली, पण गाजली ती दुसरीच चौकशी.

रेल्वे कोणाच्या पैशाने?

१ जुलै १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. यादवी युद्ध पेटलेले होते. दक्षिणेकडचे खासदार संसद सोडून गेले होते, त्यामुळे रेल्वे उत्तरेच्या मार्गाने न्यायची की दक्षिणेच्या, हा वर्षानुवर्षे रखडलेला वाद आपोआप मिटला. मिसुरी नदीकाठच्या ओमाहापासून युनियन पॅसिफिक कंपनीने पश्चिमेकडे आणि कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोपासून सेंट्रल पॅसिफिक कंपनीने पूर्वेकडे रूळ टाकत यायचे, असे ठरले.

सरकारने दर मैलामागे रोखे देऊ केले : सपाटीवर १६ हजार डॉलरचे, दोन पर्वतरांगांमधल्या पठारी मुलखात ३२ हजारांचे, डोंगरात ४८ हजारांचे. हे कर्ज होते, तीस वर्षांनी फेडायचे. शिवाय मार्गालगतची जमीन फुकट. १८६४ च्या दुरुस्तीने ही जमीन दुप्पट केली, म्हणजे मैलामागे १२,८०० एकर. त्याच दुरुस्तीने आणखी एक मेहेरबानी केली. सरकारने आपला बोजा दुय्यम करून घेतला आणि कंपनीला तेवढ्याच रकमेचे स्वतःचे रोखे पहिल्या तारणावर विकायची मुभा दिली. कंपनी बुडाली असती तर आधी खासगी सावकारांचे पैसे, मग उरले तर सरकारचे.

इतके असूनही शेअर खपेनात. कायद्याची अट होती की शेअर पूर्ण दर्शनी किमतीला आणि रोखीनेच विकायचे. त्या काळी या वाटेवर शेकडो मैल ना गाव ना पीक. माणसे होती ती पॉनी, शायेन आणि सू या आदिवासी जमातींची, ज्यांची जमीन सरकार परस्पर वाटत होते आणि ज्यांना कोणी विचारलेही नव्हते. अशा रेल्वेतून माल कोण नेणार, तिकीट कोण काढणार? दोन्ही टोके जुळेपर्यंत तर उत्पन्नाचे नावच नको. पैसेवाल्या माणसाने गणित मांडले ते सरळ होते : रेल्वे चालवून नफा होईल की नाही ते देव जाणे, पण ती बांधून नक्की होईल. बांधकामाचे पैसे मैलागणिक, लगेच, सरकारी रोख्यांच्या जोरावर मिळणार होते.

त्याच युद्धाने इकडे मुंबईत कापसाचा पैसा ओतला होता आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांचा सट्टा १८६५ मध्ये फुटणार होता. काळच असा होता, की कागद आधी छापला जायचा आणि मालमत्ता मागाहून शोधली जायची.

एकाच टेबलाच्या दोन बाजू

युनियन पॅसिफिकचे उपाध्यक्ष थॉमस ड्युरंट शिक्षणाने डॉक्टर, वृत्तीने सट्टेबाज. त्यांना अशी एक कंपनी हवी होती जिचे भागधारक आपल्या गुंतवणुकीपलीकडे जबाबदार नसतील आणि जिला वाटेल तो धंदा करता येईल. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या त्यांच्या हरहुन्नरी साथीदाराने पेनसिल्व्हेनियात १८५९ मध्ये नोंदलेली, जवळपास निपचित पडलेली ‘पेनसिल्व्हेनिया फिस्कल एजन्सी’ हुडकली. तिचा परवाना विकत घेऊन १८६४ मध्ये तिला ‘क्रेडिट मोबिलिए ऑफ अमेरिका’ हे भारदस्त नाव दिले. नाव पॅरिसच्या एका बड्या बँकेवरून उचललेले; त्या बँकेशी संबंध काही नव्हता.

मग ठेका. हर्बर्ट हॉक्सी नावाच्या आयोवातल्या एका माणसाने पहिले १०० मैल मैलाला ५० हजार डॉलर दराने बांधून देण्याची तयारी दाखवली. पुढे हा ठेका २४७ मैलांपर्यंत वाढवला गेला. हॉक्सी नावापुरते. ठेका लगेच ड्युरंट आणि मंडळींकडे आणि तिथून क्रेडिट मोबिलिएकडे गेला. कंपनीचे मुख्य अभियंता पीटर डे यांचा अंदाज होता मैलाला ३० हजारांच्या आसपास. हा ठेका पाहून डे यांनी १८६४ च्या डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. आपल्या धंद्यात या देशाने कोणालाही देऊ केलेली सर्वांत मोठी जागा आपण सोडतो आहोत, पण या करारावर आपले नाव नको, असे त्यांनी कळवले. या सगळ्या कथेत नुकसान सोसून बाजूला झालेला माणूस शोधायचा तर मला डे यांच्याखेरीज कोणी सापडत नाही.

डे गेल्यावर ओमाहाच्या बाहेर त्यांनी आखलेला मार्ग बदलला आणि रेषेला एक बाक आला. चढ कमी होतो, असे कारण दिले गेले. अंतर नऊ मैलांनी वाढले. नऊ मैल म्हणजे १ लाख ४४ हजार डॉलरचे जादा सरकारी रोखे आणि एक लाख एकरांहून जास्त जमीन. एवढ्यासाठी थोडे वळून गेले तर बिघडले कुठे?

आता शेअर पूर्ण किमतीला रोखीने विकण्याची ती अट. तीवरचा तोडगा असा की युनियन पॅसिफिक झालेल्या कामाचा चेक क्रेडिट मोबिलिएला द्यायची. क्रेडिट मोबिलिए त्याच पैशांत युनियन पॅसिफिकचे शेअर दर्शनी किमतीला घ्यायची. कागदावर व्यवहार रोखीचा, किंमत पूर्ण, कायदा पाळलेला. मग ते शेअर बाजारात पडेल त्या भावाला विकायचे किंवा आपसांत लाभांश म्हणून वाटायचे. हा तोटा सहन व्हावा म्हणून ठेक्याचा दर आधीच फुगवलेला. दर फुगवणारे संचालक आणि दर घेणारे भागधारक तेच, त्यामुळे घासाघीस करायला समोर कोणी नव्हतेच. समोर कोणी असायला हवे होते तर सरकारने नेमलेले संचालक. त्यांची गोष्ट पुढे येते.

ओक्स एम्स आणि त्यांचे भाऊ ऑलिव्हर १८६५ मध्ये यात पैसा घेऊन उतरले आणि ऑलिव्हर पुढे रेल्वेचे अध्यक्ष झाले. ऑगस्ट १८६७ मध्ये ओक्स एम्स यांच्या नावाने सगळ्यात मोठा ठेका झाला : ६६७ मैल, सुमारे ४ कोटी ७९ लाख डॉलर, मैलाला ४२ हजारांपासून ९६ हजारांपर्यंत. यातले शंभराहून जास्त मैल तर करार होण्याआधीच बांधून झाले होते. म्हणजे झालेल्या कामाचा भाव मागाहून वाढवून दिला. दोनच महिन्यांत हा ठेका सात विश्वस्तांकडे सोपवला गेला आणि नफा क्रेडिट मोबिलिएच्या भागधारकांना मिळू लागला. डिसेंबर १८६७ पासून लाभांशांची रीघ लागली.

वाटप चालू होते तेव्हा मजुरांची देणी थकलेली होती. मे १८६९ मध्ये समारंभाला निघालेल्या ड्युरंट यांचा खास डबा वायोमिंगमधल्या पिडमाँटजवळ पगार न मिळालेल्या कामगारांनी अडवून धरला. दोन्ही रेल्वे जुळल्याचा युटातला तो प्रसिद्ध सोहळा ८ मे ऐवजी १० मे रोजी झाला. युटात मातीकाम करून देणाऱ्या मॉर्मन पंथाच्या पुढाऱ्यांना तर बऱ्याच ओढाताणीनंतर रोख रकमेऐवजी रेल्वेचे सामान घ्यावे लागले.

शेअर कोणाला आणि का

१८६७ च्या अखेरीस विस्कॉन्सिनचे खासदार कॅडवॉलाडर वॉशबर्न यांनी युनियन पॅसिफिकच्या भाड्यांवर सरकारी नियंत्रण आणण्याचा विषय काढला. नेमक्या त्याच हिवाळ्यात एम्स यांनी संसदेत शेअर खपवायला सुरुवात केली. भाव दर्शनी, १०० डॉलर. तेव्हा त्या शेअरची खरी किंमत निदान दुप्पट होती. पैसे लगेच द्यायची गरज नाही, आणि शेअर बहुतेक वेळा एम्स यांच्याच नावावर ‘विश्वस्त’ म्हणून राहायचे.

भागीदार हेन्री मॅककोम यांना एम्स यांनी पत्रांतून कळवले, की शेअर आपल्याला सर्वांत उपयोगी पडतील अशा जागी दिले आहेत आणि या संसदेत आणखी मित्र हवे आहेत. मॅककोम यांचे आणखी काही शेअरांवरून कंपनीशी वाजले. ते कोर्टात गेले आणि ही पत्रे त्यांनी दाव्यात जोडली. एका पत्राच्या पाठीवर त्यांनी खासदारांची नावे टिपून ठेवली होती. अध्यक्षीय निवडणुकीच्या धामधुमीत, ४ सप्टेंबर १८७२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘सन’ने ती सगळी छापली. यात शोधपत्रकारितेपेक्षा वाटणीवरून झालेल्या भांडणाचा वाटा मोठा. दोघांचे जुळते तर पत्रे कपाटातच राहिली असती.

दोन समित्या

सभापती जेम्स ब्लेन यांचेही नाव यादीत होते. त्यांना शेअर देऊ केले होते, त्यांनी ते घेतले नव्हते. डिसेंबर १८७२ मध्ये ते आसनावरून खाली उतरले, एका विरोधी पक्षाच्या सदस्याला आसनावर बसवले आणि स्वतःच चौकशीची मागणी केली. व्हरमाँटचे ल्यूक पोलंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुरुवातीची सुनावणी बंद दाराआड होती. ओरड झाली तेव्हा दारे उघडली.

एम्स यांनी आधी सगळे गुळमुळीत सांगितले. पण एकेक सहकारी येऊन ‘मी घेतलेच नाहीत’ म्हणू लागला, एम्स यांना तोंडघशी पाडू लागला, तेव्हा त्यांनी आपली छोटी वही काढली. तिथून चौकशीचा रंग पालटला.

देशाचे उपाध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८६८ मध्ये ते प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. वहीप्रमाणे त्यांचे २० शेअर, ६० टक्के रोख लाभांश, म्हणजे १,२०० डॉलर. तेवढ्या रकमेचा चेक ‘एस. सी. किंवा धारक’ या नावाने निघाला होता. कोलफॅक्स म्हणाले, मला मिळालाच नाही. समितीने बँकेची खाती मागवली. चेकनंतर दोनच दिवसांनी कोलफॅक्स यांच्या खात्यात १,२०० डॉलर रोख भरलेले निघाले. मग खुलासा आला : २०० डॉलर सावत्र वडिलांनी दिले आणि १,००० डॉलरची नोट न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने निवडणूक खर्चासाठी टपालाने पाठवली. व्यापारी एव्हाना वारला होता. शिवाय तो टपाल खात्याला पाकिटे पुरवणारा ठेकेदार, आणि कोलफॅक्स पूर्वी टपालविषयक समितीचे अध्यक्ष. एका चोरीचा आळ झटकायला दुसरी संशयास्पद देणगी पुढे करावी लागली. महाभियोगाची चर्चा झाली, पण हा व्यवहार उपाध्यक्ष होण्याआधीचा या मुख्य कारणाखाली ती बारगळली.

न्यूयॉर्कचे जेम्स ब्रूक्स हे तर सरकारने युनियन पॅसिफिकवर नेमलेले संचालक. सरकारच्या वतीने ठेक्यांवर नजर ठेवायची ती यांनी. यांनी क्रेडिट मोबिलिएचे शेअर जावयाच्या नावावर घेतले होते.

पोलंड समितीने १८ फेब्रुवारी १८७३ रोजी अहवाल दिला. एम्स यांनी लाच देण्याच्या हेतूने शेअर दिले, सबब त्यांना सभागृहातून काढावे. ब्रूक्स यांनाही काढावे. बाकीच्यांनी शेअर घेतले खरे, पण एम्स यांचा हेतू त्यांना ठाऊक नव्हता, सबब ते निर्दोष. लाच देणारा सापडला आणि घेणारा कोणीच नाही! एम्स यांच्या बाजूने नेमका हाच सवाल टाकला गेला आणि त्याला धड उत्तर कोणाकडे नव्हते. सभागृहाने मधला मार्ग काढला. २७ फेब्रुवारीला हकालपट्टीऐवजी निषेधाचा ठराव झाला. एम्स यांच्याविरुद्ध १८२ विरुद्ध ३६ मतांनी, ब्रूक्स यांच्याविरुद्ध १७४ विरुद्ध ३२ मतांनी. ब्रूक्स ३० एप्रिलला वारले, एम्स ८ मे रोजी. सिनेटच्या समितीने न्यू हॅम्पशायरचे जेम्स पॅटरसन यांना काढण्याची शिफारस केली, पण त्यांची मुदत ३ मार्चला संपत होती. तेवढे दिवस ढकलले गेले आणि विषय संपला.

आणि याच ३ मार्चला, अधिवेशनाच्या अखेरच्या घटकेला, याच संसदेने स्वतःचा पगार पाच हजारांवरून साडेसात हजार डॉलर केला, तोही दोन वर्षे मागून लागू. जनता खवळली, पुढच्या वर्षी वाढ मागे घ्यावी लागली.

दुसऱ्या समितीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. इंडियानाचे जेरेमाया विल्सन यांच्या या समितीने खुद्द ठेक्यांचा हिशोब काढला. रेल्वे कंपनीला बांधकाम पडले ९ कोटी ४६ लाख डॉलरना. ठेकेदारांचा प्रत्यक्ष खर्च ५ कोटी ७ लाख. कागदावरचा फरक जवळपास ४ कोटी ३९ लाख. रोखे आणि शेअर बाजारभावाने धरले तर निव्वळ नफा सुमारे २ कोटी ३० लाख. पुढे नोबेल मिळालेले अर्थइतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी फेरगणित करून नफा १ कोटी ३० लाख ते १ कोटी ६५ लाखांच्या दरम्यान धरला आणि जोखीम पाहता तो वाटतो तितका अवाजवी नव्हता, असे मत दिले. फोगेल यांचा आकडा घेतला तरी माझा आक्षेप कायम राहतो. जोखीम मोठी होती हे मान्य. पण तिची किंमत किती, हे जोखीम घेणाऱ्यानेच ठरवले आणि तिजोरीही त्याच्याच हातात होती. गारफिल्ड यांचे ३२९ डॉलर त्यापुढे किस झाड की पत्ती.

संसदेने मग सरकारला रेल्वेवर आणि लाभार्थींवर दावा लावायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तो उभाच राहू दिला नाही : नुकसान झाले असेल तर कंपनीचे, सरकारचे नव्हे, आणि सरकारच्या कर्जाची मुदत अजून सरायची आहे.

रूळ मात्र राहिले

एवढे सगळे होऊनही रेल्वे कायद्यातल्या मुदतीच्या कितीतरी आधी पुरी झाली. महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला. यादवी युद्ध संपताना देशात सुमारे ३५ हजार मैल रेल्वे होती. १८७३ पर्यंत ती ७० हजारांच्या घरात गेली. त्यातल्या बऱ्याच मार्गांमागे हीच रीत होती : आधी रोखे, मग बांधकामाची खासगी कंपनी, शेवटी जमलीच तर वाहतूक. १८ सप्टेंबर १८७३ रोजी नॉर्दर्न पॅसिफिकचे रोखे गळ्यात अडकून ‘जे कुक’ या बँकरची पेढी बुडाली, न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद राहिला आणि देश वर्षानुवर्षांच्या मंदीत गेला. फुगवलेल्या भांडवलाचे ओझे वाहत युनियन पॅसिफिक १८९३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या कंपनीने एम्स बंधूंच्या नावाने वायोमिंगच्या माळावर ६० फुटी दगडी पिरॅमिड उभारला होता, आणि १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने ओक्स एम्स यांच्या गौरवाचा ठरावही केला.

पश्चिमेकडून आलेल्या सेंट्रल पॅसिफिकच्या चौघा मालकांनीही, स्टॅनफर्ड, हंटिंग्टन, हॉपकिन्स आणि क्रोकर यांनी, स्वतःचीच ठेकेदार कंपनी काढून स्वतःच्याच रेल्वेचे ठेके घेतले होते. तिचे नाव ‘काँट्रॅक्ट अँड फायनान्स कंपनी’. वॉशिंग्टनमध्ये चौकशीचे वारे सुटले आणि तिच्या हिशोबाच्या वह्या नाहीशा झाल्या. १८८७ मध्ये सरकारी आयोगाने लीलंड स्टॅनफर्ड यांना पैसे कुठे आणि कशासाठी खर्च केले असे विचारले, तेव्हा त्यांनी वकिलाच्या सल्ल्याने उत्तर नाकारले. आयोग कोर्टात गेला, तर कोर्टाने सांगितले की त्यांना बोलायला भाग पाडता येणार नाही. स्टॅनफर्ड त्या वेळी सिनेटचे सदस्य होते, आणि १८९३ मध्ये वारले तेव्हाही.